नाक दोन बोटांच्या मधे

मुन्तेला, फेब्रुवारी संपत आलाय

प्रिय मादलेना,

हे पत्र तुला अक्रोडाच्या केकखाली सापडलं असेल तर माझी युक्ती चालली म्हणायची. केक तुझ्या मम्माने केलाय, डबा मी भरलाय, आणि पत्र मुद्दाम तळाशी ठेवलंय. तू आधी केक खाणार, आणि पोटात गोड गेलं की तू जरा ऐकून घेतेस, हे मला बालवाडीपासून माहीत आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज जातात आणि तिथेच पडून राहतात. म्हणून हा कागद. शाळा सुटल्यापासून मी हाताने एवढं कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षराला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

आधी गावाच्या बातम्या. दक्षिणेचा गरम वारा असा सुटलाय की छपरांवरचा बर्फ धप्प धप्प खाली येतोय आणि आमच्या मांजराने अंगणात पाऊल टाकायचं सोडलंय. वरचा डोंगर मात्र मस्त आहे, घट्ट. चालांदामार्स जवळ आला ना, मुलांनी माळ्यावरून गाईंच्या घंटा काढून घासायला घेतल्यात, दिवसभर ढणढण चालू. बेकरीत रोज एकच वाद. पोस्टातला म्हातारा फ्लुरिन म्हणतो, "एक मार्चला घंटा बडवून हिवाळा हाकलायचा ही आमच्या वेळची रीत. तेव्हा हिवाळा होता! आता तो आपला आपणच पळतोय, त्याच्या मागे कशाला लागता?" तुझ्या धाकट्या बहिणीने, ब्राइदाने, हे फारच मनावर घेतलं. बार्बा दुरीला जाऊन विचारते, "आपण यंदा जरा हळू वाजवायचं का? म्हणजे तो पूर्ण जाणार नाही." दुरी म्हणाला, "वाजवायचं तर जोरात. हळू हाकललेला पाहुणा धड जातही नाही आणि धड राहतही नाही." बेकरीवालीने पाव कापता कापता आपल्या नवऱ्याकडे असं काही बघितलं की आम्ही सगळे हसत सुटलो.

ब्राइदा उंच झालीय बरं का. तुझा निळा स्वेटर तिला मनगटाला आखूड पडतो. यंदा पहिल्यांदाच ती क्लबच्या शेवटच्या रेसला अगदी वरून सुटणार आहे, म्हणजे एक मार्चला सकाळी, घंटांच्या आधी. वरून म्हणजे वाटेत स्पेल्मच्या कडेवरची ती मोठी उडी आलीच. आतून घाबरलीय, बाहेरून शिट्ट्या मारते. कोणासारखी ते मी लिहीत नाही.

आणि तुझ्या स्कीबद्दल पण कळलं मला. मी दूध आणायला गेले होते तेव्हा तुझी मम्मा दारात उभी राहून म्हणाली, "मादलेनाचा फोन आला होता. म्हणाली, क्लबच्या मुलांना माझ्या स्की देऊन टाक, चालांदामार्सच्या आत. पुढच्या वेळी घरी येईन तेव्हा नजरेला पडायला नकोत." एवढं बोलून तिने माझ्या बरणीत दूध ओतलं, बरणी भरली तरी ओततच राहिली. मग तिने तुझ्या स्की गोठ्यातून आणून दारापाशी उभ्या केल्या. ब्राइदाने त्या परत आत नेल्या. दुसऱ्या दिवशी मम्माने परत दारात. ब्राइदाने परत आत. असं आठवडाभर चाललंय, तुझ्या बिचाऱ्या स्की घरातल्या घरातच रेस करतायत. तू पडलीस त्याला वर्ष होऊन गेलं, गुडघा डॉक्टरांनी ठीक म्हणून सांगितला तोसुद्धा उन्हाळ्यातच, आणि तू तिकडे झुरिकला काचेच्या घरात टोमॅटोची रोपं वाढवतेस. छान काम आहे, मी खरंच म्हणते. पण स्की देऊन टाकायच्या म्हणजे कायमचं दार लावून घ्यायचं, हे तुलाही माहीत आहे आणि तुझ्या मम्मालाही. मी त्या दिवशी दारात काही बोलले नाही. आता बोलणार आहे, पण वरून सुरुवात करून, एकेक वळण घेत. मधेच पान उलटून शेवट बघू नकोस.

मला टीममधून काढलं हे तुझ्या कानावर आलं असेल. फार गोड बोलून काढलं. "तू अजून लहान आहेस नेसा, एक वर्ष घरी राहून जोर वाढव." म्हणजे साध्या भाषेत, पोरी, घरी जा. नोव्हेंबरभर मी चिडचिड करत होते. मग शिकाऊ मुलांच्या उतारावर नोकरी धरली. शहरातून आलेल्या पोरांसमोर उलटी सरकत "पिझ्झा करा! टोकं जवळ, टाचा लांब, पायांचा पिझ्झा करा!" म्हणून दिवसभर बोंबलायचं. एका पोराने विचारलं, "ताई, तू पण पडतेस का?" मी म्हटलं, "हल्ली पडायला पण कोणी बोलवत नाही रे." त्याला काही कळलं नाही, मला मात्र घरी जाईपर्यंत बोचत राहिलं.

जानेवारीत बार्बा दुरी आमच्याकडे बार्लीचं सूप प्यायला आला. तो माझा सख्खा काका असला तरी अख्ख्या गावाचाच बार्बा, आणि आपल्या दोघींचा पहिला आणि खरा कोच, त्यामुळे तो नुसत्या सुपासाठी येत नाही हे आम्हाला माहीत असतं. दुसरी वाटी संपल्यावर म्हणाला, "मुलींच्या मोठ्या रेसला गावाकडून वाटाड्या लागतोय. जाशील?" माझं डोकंच सटकलं. तुला काय सांगायचं, वाटाड्या म्हणजे आपण शाळेत असताना ज्यांना हसायचो ते. रेस सुरू व्हायच्या आधी उतरायचं, बर्फ बरोबर आहे का, खुणा नीट रोवल्यात का ते बघायचं. घड्याळ लागत नाही, नाव लागत नाही, छातीवर नंबर पण नाही, नुसतं अक्षर. मी म्हटलं, "बार्बा, त्यापेक्षा सरळ फावडं दे ना हातात." तो म्हणाला, "फावडं पण आहे. ते पहाटेचं काम. हे त्यानंतर." आणि तिसरी वाटी पुढे केली.

गेले मी. का गेले ते खरं सांगू का? टीमवाले खाली उभे असणार होते. मला वाटलं, घड्याळ नसलं म्हणून काय झालं, त्यांना डोळे तर आहेत! ट्रेनिंगच्या दिवशी मी वाट बिट काही करायला गेले नव्हते. दाखवायला गेले होते.

सकाळ अशी स्वच्छ होती की पलीकडच्या उतारावरच्या एकेका कुंपणाची खुंटी मोजता आली असती. पाणी मारून मारून बर्फाची काच केली होती. आधी सगळ्यांबरोबर हळूहळू आडवं घसरत उतार पाहून घेतला. मग स्टार्टच्या खोपटीत डोळे मिटून हाताने वळणं काढत उभी राहिले. आजूबाजूला दहा देशांच्या मुली, सगळ्यांचे डोळे मिटलेले, सगळ्यांचे हात हवेत सापासारखे. आठवतं, तुझी मम्मा पहिल्यांदा वर आली होती आणि आपल्याला बघून म्हणाली होती, "एवढ्या थंडीत कसल्या माशा मारताय गं?" मी डोळे मिटूनच हसले. तुझी जागा उजवीकडे असायची, खिडकीपाशी. तिथे आता एक नॉर्वेची मुलगी केळं खात होती.

सुटले. पहिली वळणं लोण्यासारखी गेली. मग जंगलाच्या कडेची सपाट पट्टी, आणि मग स्पेल्म. समोर नुसती पांढरी कड, त्यापलीकडे काही दिसत नाही, फक्त आभाळ आणि लांब पलीकडच्या उतारावरचं आपलं लार्चचं झाड. विजेने चिरलेलं, दोन बोटं वर केल्यासारखं. मी विचार केलाच नाही. सहा वर्षांची असल्यापासून दुरी खालून कोकलतोय ना, "नाक दोन बोटांच्या मधे! नाक दोन बोटांच्या मधे!" म्हणजे उडी सरळ जाते. माझं नाक आपोआप तिकडे गेलं. आणि हवेत गेल्या गेल्या मला कळलं की माझ्याखालचा डोंगर माझा नाहीये. उतार डावीकडे पडत होता आणि मी उजवीकडे चालले होते, थेट त्या मऊ बर्फावर आणि त्यामागच्या लाल जाळीवर. उजवी स्की टेकली आणि फस्सकन आत गेली. हात बर्फाला लागला, ढोपर कानाशी आलं, जाळी गालापासून इतकी जवळ की तिच्या गाठी दिसल्या. कशी वाचले मला माहीत नाही. कौशल्य वगैरे काही नव्हतं, माझ्या डाव्या पायाला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे एवढंच.

खाली पोचले तर कानातल्या रेडिओवर दुरी सुरूच झाला. "नेसा! तुला उजवीकडे कोणी बोलावलं होतं? तिकडे काय तुझा मामा जेवायला थांबलाय?" मी म्हटलं, "मी सरळच गेले बार्बा." "सरळ? जाळीला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवलीस! तुला वाट करायला पाठवलीय, टीमवाल्यांना नाच दाखवायला नाही!" मला रडू येत होतं आणि रागही, मी ओरडूनच म्हटलं, "नाक दोन बोटांच्या मधेच होतं माझं! तू शिकवलंस तसंच!"

रेडिओत एकदा खरखर झाली. मला वाटलं बॅटरी गेली. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं. म्हणाला, "ट्रेनिंग संपलं की लिफ्टने वर ये. स्पेल्मवर. कोणाशी बोलू नकोस."

मी वर गेले तेव्हा तो कडेवर एकटाच उभा होता, टोपी हातात.  त्याने माझी एक काठी घेतली, कडेच्या बरोबर मधे बर्फावर ठेवली, टोक लार्चच्या दोन बोटांकडे करून. मग दुसरी काठी ठेवली, उडी पडते त्या खालच्या उताराच्या दिशेने. मादलेना, लहानपणी त्याने आपल्याला हे करून दाखवलं होतं ना, दोन्ही काठ्या एकाच रेषेत, एकीचं टोक दुसरीला चिकटून? आता त्या उघड्या कात्रीसारख्या पडल्या होत्या.

तीन उन्हाळ्यांपूर्वी ती कड भरून काढली होती, आठवतंय का? उडी कमी उंच व्हावी, मुली सुरक्षित राहाव्यात म्हणून. चांगल्यासाठीच केलं होतं सगळं. पण भरताना कड डावीकडे सरकली, एखाद्या मालगाडीच्या डब्याच्या रुंदीएवढी असेल. त्या हिवाळ्यात बर्फच नव्हता, रेस रद्द झाली. म्हणजे नव्या कडेवरून झालेली पहिली रेस गेल्या वर्षीची. तुझी. दुरी त्या काठ्यांपाशी खाली बसला. बर्फातच बसला, गुडघे दुखतात तरी. म्हणाला, "झाड जागेवर आहे. डोंगर सरकला. आणि मी पोरींना झाड शिकवत बसलो."

आता गेल्या वर्षीचं आठव. मला माहीत आहे तुला नको वाटतं, तरी एकदाच आठव, माझ्यासोबत. ट्रेनिंगला धुकं होतं. झाड दिसतच नव्हतं, म्हणून तू समोरची निशाणं धरून गेलीस आणि व्यवस्थित उतरलीस. रेसच्या दिवशी लख्ख ऊन. झाड दिसलं. तू पडलीस, मग वारा सुटला आणि रेसच बंद केली, मी स्टार्टलाच राहिले. त्यामुळे गावातलं दुसरं कोणी त्या वेगाने तिथून गेलंच नाही. कोणाला कसं कळणार? तू हॉस्पिटलमध्ये असताना त्या टीव्हीच्या माणसाने तोंडापुढे माइक धरला आणि तू म्हणालीस, "उडीच्या आधी मी घाबरले असणार. दुसरं काय?" आणि मग पेपरात, टीव्हीवर, बेकरीत, सगळीकडे तेच. घरच्या डोंगरावर पोरगी घाबरली. तुला दुसरं कारण सापडेना, तेव्हा तू स्वतःलाच कारण करून टाकलंस. आणि तेच कारण घेऊन झुरिकला गेलीस.

मी तो व्हिडिओ वर्षभर पाहिला नव्हता. त्या दिवशी दुरीच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघांनी पाहिला. घाबरलेली मुलगी कशी दिसते आपल्याला माहीत आहे ना? उभी राहते, हात पसरते, बुड मागे टाकते. तू तर कडेपर्यंत अंड्यासारखी आवळून बसली आहेस, हात पुढे, आणि नाक, मादलेना, नाक बरोब्बर दोन बोटांच्या मधे. मी इतकी सुंदर उडी कोणाची पाहिलेली नाही. फक्त ती जुन्या डोंगरावरची उडी होती. दुरीने व्हिडिओ थांबवला आणि उगाचच भांडी घासायला लागला. स्वच्छ भांडी.

रेसच्या दिवशी मी परत वाटाड्या म्हणून गेले, या वेळी खरोखरची वाट करायला. खोटं कशाला बोलू, सुटायच्या आधी मी बुटांच्या कड्या तीनदा तपासल्या. पुन्हा तसंच स्वच्छ ऊन, आणि कडेवर आल्यावर माझं सगळं अंग झाडाकडे ओढलं जात होतं, घराकडे निघालेल्या गाईसारखं. मी डावीकडचं निशाण धरलं, दात आवळले आणि गेले. उतार पायाखाली आला. असा आला, गं, जिना उतरताना शेवटची पायरी अंधारात बरोबर सापडावी तसा. खाली पोचल्या पोचल्या मी रेडिओवर वर कळवलं, "बर्फ घट्ट आहे, खुणा ठीक आहेत. स्पेल्मवर ते लार्च बघून उडू नका, डावीकडचं निशाण धरा." दुरीने ते स्टार्टच्या खोपटीत सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. त्यावर ऑस्ट्रियाची एक मुलगी, हेल्मेट घालता घालता, त्याला काय म्हणाली माहीत आहे?

"कुठलं झाड?"

मग दुरीने एकेकीला विचारलं. केळंवाल्या नॉर्वेच्या मुलीला, इटलीच्या दोघींना, सगळ्यांना. एकीनेही ते झाड पाहिलेलं नव्हतं! एक तर म्हणाली, "आजोबा, इथे झाडं खूप आहेत." बघ म्हणजे. ज्यांना या डोंगराबद्दल काही माहीत नव्हतं त्या सगळ्या नीट उतरल्या. ज्या दोघींना सगळं माहीत होतं, त्या दोघीच उजवीकडे गेल्या. तुझ्यात काही कमी पडलं नव्हतं. तू फक्त मुन्तेलाची होतीस. आणि मी पण इथलीच, म्हणून मीही तीच चूक केली, फक्त माझं नशीब त्या दिवशी जागं होतं.

रेस छान झाली. केळंवाली जिंकली. स्पेल्मवर कोणी पडलं नाही. टीमवाल्यांपैकी एकाने दुरीला विचारलं म्हणे, "ती वाटाड्या कोण?" दुरी म्हणाला, "जिला तुम्ही घरी पाठवलीत ती. घरीच आहे." पुढे काय होईल ते बघू, मी काही धरून बसलेली नाही. पण एक गंमत सांगू? घड्याळ नसताना उतरताना जे वाटलं ते मला किती वर्षांत वाटलं नव्हतं. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, बर्फावर एकही रेघ नाही, आणि जी पहिली रेघ पडते ती आपली. आपण उगाच हसायचो वाटाड्यांना.

आता गावात चर्चा त्या लार्चची. बेकरीत दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो तोडून टाका, उगाच कोणाचा जीव जायचा. फ्लुरिन भडकला, "झाडाने काय केलं? ते दीडशे वर्षं एका जागी उभं आहे. सरकलात तुम्ही!" तुझी मम्मा हे सगळं ऐकत रांगेत उभी होती. तिला दुरीने आदल्या दिवशीच घरी जाऊन सांगितलं होतं, आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बेकरीत ती एवढंच म्हणाली, "झाडाला कोणी हात लावायचा नाही. माझी मुलगी ते बघत मोठी झालीय." मग पाव न घेताच घरी गेली. संध्याकाळी मी गेले तेव्हा तुझ्या स्की दारात नव्हत्या. गोठ्यातही नव्हत्या. स्वयंपाकघरात होत्या, स्टोव्हपासून जरा लांब, भिंतीला टेकवून, आणि त्यांच्या कडा पुसलेल्या होत्या. मम्मा मला म्हणाली, "अशी काय बघतेस? गोठ्यात ओल येते." मी म्हटलं, "हो, येते ना." आणि गुपचूप स्कीच्या तळांना मेण लावून दिलं.

आता मी हे सगळं का लिहिलं ते. तू घाबरली नव्हतीस एवढंच सांगायचं असतं तर ते केकच्या डब्यावर चिकटवता आलं असतं. पण काल क्लबच्या ट्रेनिंगला ब्राइदाने दुरीला विचारलं, "बार्बा, झाड बघायचं नाही, तर मग मी कुठं बघू?" सगळी मुलं त्याच्याकडे बघत होती. निशाणं दर रेसला बदलतात, मुलांना कायमचं काहीतरी लागतं. नव्या कडेवरून समोर काय काय दिसतं ते मी दोनदा जाऊन पाहिलं. मला दिसतं ते सगळं सारखंच, कधी छप्पर, कधी खडक. दुरीची नजर आता तेवढी पोचत नाही. आणि आपल्यात हवेत असताना ज्याला दिसतं असं एकच माणूस आहे. उडी मारून खाली आल्यावर "मम्मा कुंपणापाशी सूप पीत होती, फ्लुरिनने टोपी उलटी घातलीय" असं सांगणारी दुसरी कोणी मी पाहिलेली नाही. म्हणून दुरीने ब्राइदाला उत्तर दिलं, "ते तुझी ताई ठरवेल." पोरगी त्यानंतर घंटा इतक्या जोरात घासत बसली की हाताला फोड आले. तर ये. एक मार्चच्या आदल्या दिवशीची लाल गाडी धर, बोगद्यातून बाहेर आलीस की मी स्टेशनवर असेनच. सकाळी मुलांच्या रेसआधी दोन वाटाडे सुटतात, पहिल्या जॅकेटवर "अ" आहे, ते माझं. दुसरं "ब" दुरीने कोणाला दिलेलं नाही, ते तुझ्या स्कीवर अडकवून ठेवलंय. घालायचं की नाही ते तुझं तू बघ. नुसती चालत कडेवर येऊन उभी राहिलीस आणि हात करून दाखवलंस, "हे, हे बघून उडा," तरी आम्हाला चालेल. पण घातलंस तर घड्याळ नसेल, माइक नसेल, नाव लागणार नाही. मी आधी जाईन आणि पूर्ण रस्ता तुझ्या कानात बडबडत राहीन, फक्त स्पेल्मवर गप्प बसेन. तिथे तू बघ, आणि खाली येऊन आम्हाला सांग काय दिसलं. दुपारी मुलं हिवाळा हाकलणार आहेत. त्याच्या आत एकदा ये.

तुझीच, आणि त्या सकाळी तुझ्या एक वळण पुढे असलेली,

नेसा